क्षयजंतू आणि त्याचे भाऊबंद

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. परंतु रुग्णाच्या थुंकीतील जंतू नेमका तोच आहे, हे खात्रीने सांगण्यासाठी त्यानंतरही शंभरहून अधिक वर्षे प्रयोगशाळांना आठवडेच्या आठवडे थांबावे लागत होते. याचे कारण जंतूच्या वाढीच्या वेगात आहे. आतड्यातील इ. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो, तर मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिसला त्यासाठी 18 ते 24 तास लागतात. अंड्यांचा बलक, पांढरा भाग व ग्लिसरॉल यांपासून तयार केलेल्या, मॅलॅकाइट ग्रीनमुळे हिरवट दिसणाऱ्या लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यमावर त्याच्या खरबरीत, पिवळसर वसाहती डोळ्यांना दिसेपर्यंत तीन ते आठ आठवडे जातात, आणि त्या जंतूवर कोणते औषध चालते हे पाहायचे तर पुन्हा काही आठवडे वाट पाहणे आले. तेवढ्या काळात रुग्ण खोकत राहतो, घरातल्यांना संसर्ग होत राहतो आणि कित्येकदा लागू न पडणाऱ्या गोळ्या चालू राहतात.

सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी त्या मानाने लवकर उरकते. या कुळातील जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्ले ही लांब साखळीची मेदाम्ले असतात. त्यामुळे काचपट्टी तापवून कार्बोल फुक्सिनचा लाल रंग एकदा आत शिरवला, की तो आम्लाने धुतला तरी उतरत नाही, आणि मेथिलीन ब्ल्यूच्या निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या उठून दिसतात. मात्र थुंकीच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये साधारणपणे पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय त्या सापडत नाहीत, आणि सापडल्या तरी त्यांच्यावरून कुळ कळते, नाव कळत नाही.

खरी अडचण या नावाची आहे. मायकोबॅक्टेरियम कुळात दीडशेहून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी क्षय उत्पन्न करणाऱ्या, परस्परांशी अगदी जवळचे नाते असलेल्या मोजक्या प्रजातींना एकत्रितपणे क्षयजंतू-संकुल म्हणतात. कुष्ठरोगाचा जंतू वगळता उरलेल्यांना क्षयेतर मायकोबॅक्टेरिया ही संज्ञा आहे. हे भाऊबंद मातीत, पाण्यात, नळाच्या पाइपांतही राहतात आणि सहसा माणसाकडून माणसाकडे पसरत नाहीत. परंतु आधीच दुबळ्या झालेल्या फुप्फुसांत ते क्षयासारखाच आजार निर्माण करतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची उपकरणे नीट निर्जंतुक न केल्यास टाक्यांच्या जागी होणाऱ्या, महिनोन्महिने न भरणाऱ्या गाठींमागेही त्यांच्यापैकी फॉर्च्युइटम किंवा चेलोनी या प्रजाती असू शकतात. एव्हियम-संकुलासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा ॲझिथ्रोमायसिन मुख्य औषध ठरते, तर ॲब्सेसस क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाही. अशा भाऊबंदाचा संसर्ग झालेल्या रुग्णाच्या थुंकीत उपचारानंतरही लाल काड्या दिसत राहिल्या, की त्याला औषधप्रतिरोधी क्षय झाला असे समजून अधिक विषारी औषधे सुरू होण्याचा धोका असतो, आणि हा धोका केवळ ओळख पटवून टाळता येतो.

ओळख पटवण्यासाठी जंतू वाढवण्यात जाणारा काळ द्रव माध्यमाच्या पद्धतीने बराच आटोक्यात आणला. तिच्या नळीच्या तळाशी असलेले संयुग ऑक्सिजन असेपर्यंत चमकत नाही. वाढणारे जंतू ऑक्सिजन संपवू लागले की ते अतिनील प्रकाशात उजळते आणि यंत्र तशी सूचना देते. त्या नळीतील द्रवाचे काही थेंब चाचणीपट्टीवर टाकल्यास, क्षयजंतू-संकुलातील जंतू वाढताना बाहेर सोडतात ते एमपीटी64 हे प्रथिन 15 मिनिटांत ओळखता येते. क्षयेतर जंतूंच्या नळीत ही रेघ सहसा उमटत नाही.

जंतू वाढण्याची वाट न पाहता थेट त्याची जनुके तपासण्याची पद्धत, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर, वापरात आल्यावर आठवड्यांचे तास झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2010 मध्ये शिफारस केलेली, भारतात सीबीनॅट या नावाने परिचित असलेली चाचणी याच तत्त्वावर चालते. थुंकीत द्रावण मिसळून ती 15 मिनिटे ठेवली, की ती पातळ होते आणि बहुतेक जंतू मरतात. मग ती बंद कार्ट्रिजमध्ये ओततात आणि पुढचे सारे यंत्र करते. क्षयजंतूच्या आरपीओबी या जनुकातील 81 अक्षरांच्या भागावर पाच शोधक रेणू चिकटून चमकतात. एखादा चमकला नाही, तर तेथे बदल झाला आहे आणि रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध बहुधा चालणार नाही, असा अर्थ होतो. हा निकाल दोन तासांत मिळतो. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीलाही 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तिचे यंत्र बॅटरीवर चालत असल्याने वीज बेभरवशाची असलेल्या तालुक्याच्या ठिकाणीही ते ठेवता येते, आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तेथे या सोयीचे मोल फार मोठे आहे.

तथापि अशी चाचणी तिला विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देते. एस्वातिनी या आफ्रिकी देशात रिफॅम्पिसिनला न जुमानणारे असे जंतू आढळले, ज्यांच्यातील बदल त्या 81 अक्षरांच्या बाहेर होता, आणि त्यामुळे ते चाचणीतून निसटत राहिले. मेलेल्या जंतूंचा डीएनएही काही काळ शरीरात टिकत असल्याने उपचार कितपत लागू पडले हे या चाचणीने ठरवता येत नाही. शिवाय क्षयेतर जंतूंना ती नाव देत नाही. तिच्या अहवालात क्षयजंतू आढळला नाही, एवढेच येते.

म्हणूनच काचपट्टीवर लाल काड्या भरपूर असताना जनुकीय चाचणी नकारार्थी आली, तर तो अहवाल यंत्राची चूक म्हणून बाजूला ठेवणे घातक ठरू शकते. अशा वेळी थुंकीचे संवर्धन करून वाढलेल्या जंतूची प्रजाती शोधली पाहिजे. त्यासाठी डीएनए-शोधकांची पट्टी, जनुकांचे क्रमनिर्धारण किंवा प्रथिनांच्या वस्तुमानावरून प्रजाती ओळखणारे माल्डी-टॉफ यंत्र वापरता येते. हे जंतू नळाच्या पाण्यातूनही नमुन्यात शिरू शकत असल्यामुळे, एका नमुन्यात ते सापडले म्हणून फुप्फुसांचा आजार सिद्ध होत नाही. रुग्णाची लक्षणे व छातीचे चित्र जुळत असताना थुंकीच्या किमान दोन वेगवेगळ्या नमुन्यांत तीच प्रजाती वाढल्यावरच तज्ज्ञ दीर्घ उपचारांचा विचार करतात.