भेगेच्या टोकाशी पाणी

काच गंजत नाही, पाण्यात विरघळताना दिसत नाही, म्हणून तर आपण लोणचं काचेच्या बरणीत भरतो. त्या काचेला साधं पाणी कमजोर करतं म्हटलं तर पटणार नाही. पण करतं. हवेतली ओलसुद्धा पुरते.

सुरुवात भेगेपासून करू. काचेच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक दोष असतात आणि ती फुटते तिथूनच, हे ग्रिफिथ या इंग्लिश अभियंत्याने १९२१ साली मांडलं. काचेला वाकवलं की ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. तिथले सिलिकॉन-ऑक्सिजन बंध अगदी ताणलेले असतात. पाण्याचा रेणू लहान, तो थेट टोकापर्यंत शिरतो आणि तो बंध तोडतो. भेग एक पाऊल पुढे. मग पुढचा बंध. ताण नसेल तर हेच पाणी जवळजवळ काही करत नाही बघा.

म्हणूनच काच कधी कधी उशिरा फुटते. काही सेकंद सहज पेललेलं ओझं महिनोन्महिने ठेवलं, तर त्याच ओझ्याने ती जाऊ शकते.

आता द्रव बदलून पाहू. द्रवरूप नायट्रोजनमध्ये काच कितीतरी जास्त ताण सोसते, कारण त्या थंडीत ही रासायनिक क्रिया थांबल्यासारखीच होते. कोरड्या तेलात भेग फार हळू सरकते, आणि सरकते तीही मुख्यतः तेलात मुरलेल्या किंचित पाण्यामुळे. अमोनिया मात्र पाण्यासारखाच बंध तोडतो. आम्हाला सर्वांत गमतीचं वाटतं ते हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काच चक्क खातं, तरी काच बळकट होते! टोकदार दोष झिजून बोथट होतात ना. (घरी करून बघू नका, हे आम्ल भयंकर आहे.)

काच कापणाऱ्यांना यातलं बरंच हाताने ठाऊक असतं. हिरकणीने रेघ मारून ती ओली केली की काच सोपी तुटते. उलट ऑप्टिकल फायबरवर तंतू ओढतानाच प्लास्टिकचं आवरण चढवतात. ते ओरखडे अडवतं, ओल पूर्ण अडवत नाही. म्हणून काही खास तंतूंवर त्याखाली कार्बनचा पातळ थर देतात.

आणि गाडीच्या पुढच्या काचेवर खडा लागून टवका उडाला असेल, तर पावसाची वाट पाहू नका. चांगला कारागीर आधी तो खळगा पूर्ण सुकवतो, मगच त्यात रेझिन भरतो.