दोरी लांब करा, खुंटी हलवू नका

सभासद बंधू-भगिनींनो,

मागच्या लागणीच्या वेळी आपले एक सभासद मुलाला घेऊन शेतकी ऑफिसात आले. मुलगा डिप्लोमा झालेला, हुशार. छोट्या ट्रॅक्टरला बसेल असा दोन फाळांचा रिजर त्याने संगणकावर सॉलिडवर्क्स या प्रोग्रॅममध्ये काढला होता. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला ऑर्डर द्यायची होती. सरी चार फुटी, म्हणजे दोन फाळांत १२१९ मिलिमीटर अंतर हवे. प्रिंटवर मात्र आकडा १३४१.

"अरे, ही तर सव्वाचार फुटांच्याही वर गेली," मी म्हणालो.

"साहेब, स्केचमध्ये १२१९ च आहे," पोरगा म्हणाला. तेही खरेच होते! मग घोळ कुठे झाला?

संगणकावर अवजार काढताना आधी एक सपाट पातळी मानून घ्यावी लागते. तिला प्लेन म्हणतात. समोरची, वरची आणि उजवीकडची अशी तीन प्लेन सुरुवातीलाच मिळतात, पुढची आपण वाढवायची. याने घेतलेले प्लेन पडद्यावर बारीक दिसत होते, माउसने धरता येईना. ते मोठे करायला म्हणून त्याने 'स्केल' हुकूम देऊन १.१ आकडा टाकला. हवे होते प्लेन, वाढले अवजार! स्केल हा हुकूम तयार आकार वाढवतो, पण स्केचमधले आकडे जुनेच राहतात. म्हणून पोराला पत्ता लागला नाही. ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकची पिन २२ ची २४.२ झाली होती. ती भोकात गेलीच नसती. लोखंड, वेल्डिंग, मजुरी सगळी पाण्यात.

आपण दोरी ताणून सरी पाडतो. दोरी पन्नास फूट असो की शंभर, सरीची दिशा तीच राहते. खुंटी हलली की मात्र सगळे रान बिघडते. प्लेनचेही तसेच आहे. प्लेन खरे तर चारी बाजूंना न संपणारे असते. पडद्यावर चौकोन दिसतो तो फक्त आपल्या डोळ्यांसाठी. तो लहान-मोठा केल्याने अवजाराच्या मापात सुताचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो प्लेनचे अंतर किंवा कोन बदलला तर.

तेव्हा घरातल्या पोरांना एवढे सांगा:

१) सॉलिडवर्क्समध्ये प्लेनच्या कडेवर क्लिक करावे. कोपऱ्यांवर व कडांच्या मध्यावर ठिपके दिसतात. ठिपका धरून ओढला की चौकोन लहान-मोठा होतो.

२) कंट्रोल बटण दाबून प्लेन ओढू नये. तसे केल्यास आकार बदलत नाही, दुसरे समांतर प्लेन तयार होऊ लागते.

३) अवजाराप्रमाणे चौकोन आपोआप जुळावा असे वाटल्यास प्लेनवर उजवे क्लिक करून 'ऑटोसाइज' निवडावे.

४) फ्रीकॅड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात पार्टडिझाइनमधील डेटम प्लेनच्या गुणधर्मांत 'रिसाइज मोड' असतो. तो 'मॅन्युअल' करून लांबी-रुंदी टाकावी.

५) प्रिंट वर्कशॉपला देण्यापूर्वी तयार आकारावरच माप घ्यावे. स्केचमधल्या आकड्यावर विसंबू नये. सरीचे अंतर आणि लिंकच्या पिना, ही दोन मापे तरी ट्रॅक्टरशेजारी टेप घेऊन ताडून बघावीत.

त्या मुलाने माझ्यासमोरच स्केल काढून टाकले, प्लेनचा ठिपका ओढला आणि नवे प्रिंट काढले. त्या रिजरने पाडलेल्या सऱ्या मी स्वतः मोजल्या. चार फूट, बरोबर.

आपल्यापैकी कोणाच्या मुलाने किंवा मुलीने असे अवजार काढले असेल तर लोखंड आणण्याआधी प्रिंट घेऊन शेतकी ऑफिसला यावे. मिळून तपासू. कागदावरची चूक खोडरबराने जाते, लोखंडातली गॅस कटरने काढावी लागते.

कळावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी