जगज्जेतं रेंटन

लोमंड सरोवरातून निघालेली लेव्हन नदी काही मैल वाहून डम्बार्टनपाशी क्लाइडला मिळते. तिच्या काठावर रेंटन हे कामगारांचं गाव. १९ मे १८८८ रोजी या गावच्या फुटबॉल क्लबने ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर, वादळी पावसात, इंग्लंडच्या चषकविजेत्या वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला ४-१ असं हरवलं. स्कॉटिश चषक त्यांनी त्याच मोसमात कॅम्बसलँगचा ६-१ असा फडशा पाडून जिंकला होता. संघटित फुटबॉल तेव्हा मुख्यतः ब्रिटनच्या बेटावरच खेळला जाई. म्हणून रेंटनने ‘जगज्जेते’ अशी पाटी आपल्या मैदानावर लावली. मला त्यात बढाई दिसत नाही. त्यांना हरवायला दुसरं होतंच कोण?

या गावाला पोसलं ते लाल रंगाने. लेव्हनचं पाणी मऊ आणि नितळ, रंगकामाला उत्तम. कॉर्डेल आणि डॅलकर्नच्या कारखान्यांत सुती कापड ‘टर्की रेड’मध्ये रंगे. कापडाला आधी तेल पाजायचं, मग तुरटी, मग मंजिष्ठेच्या कुळातला रंग. जुन्या पद्धतीत शेण आणि बैलाचं रक्तही लागे. वास असह्य, पण लाली धुऊन जात नसे. मोरांच्या नक्षीचं हे कापड जहाजांतून मुंबईच्या बाजारात उतरत असे. ज्या खोऱ्याने आपल्याकडच्या आयाबायांना लाल कापड पुरवलं, त्याच खोऱ्यातल्या व्हेल ऑफ लेव्हन, डम्बार्टन आणि रेंटन या तीन क्लबांनी सुरुवातीच्या काळातलं स्कॉटिश फुटबॉल गाजवलं.

खेळाडू कागदोपत्री हौशी होते. इंग्लंडने १८८५ मध्येच पैसे देऊन खेळवायला परवानगी दिली. स्कॉटलंडने १८९३ पर्यंत दिली नाही. पण पैसा आडवाटेने येतच होता. जगज्जेतेपदाला जेमतेम नऊ दिवस झाले, तोच २८ मे १८८८ रोजी नव्या सेल्टिक क्लबच्या पहिल्या सामन्यात रेंटनचे दोन मोहरे, जेम्स केली आणि नील मॅकॅलम, सेल्टिककडून खेळले. पहिला गोल मॅकॅलमचा. केली पुढे पबचा मालक झाला आणि सेल्टिकचा अध्यक्षही.

यातली सर्वांत बोचरी गोष्ट पुढची आहे. १८९० मध्ये स्कॉटिश लीग सुरू करण्यासाठी इतर क्लबांना पत्र धाडलं ते रेंटनचे सचिव पीटर फेअर्ली यांनीच. लीग झाली, आणि पाच सामन्यांतच रेंटनची हकालपट्टी झाली! गुपचूप पैसे दिल्याच्या आरोपावरून बंदी आलेल्या सेंट बर्नार्ड्सच्या खेळाडूंशी, ‘एडिनबरा सेंट्स’ या नावाखाली, सामना खेळल्याचा ठपका होता. रेंटन कोर्टात गेलं, जिंकलं आणि पुढच्या मोसमात परतलं. मधल्या काळात ग्लासगोच्या श्रीमंत क्लबांची घडी मात्र पक्की बसली होती.

१८९५ मध्ये रेंटनने पुन्हा चषकाची अंतिम फेरी गाठली आणि २-१ अशी गमावली. समोर होतं तेच सेंट बर्नार्ड्स. १८९७ च्या शरदात त्यांनी लीगची दुसरी श्रेणीही चार सामन्यांनंतर सोडली. खर्च झेपेना. दर आठवड्याला सामना म्हणजे दर आठवड्याला प्रवास, आणि तिकिटांसाठी प्रेक्षक मूठभर गावकरी. चषकाच्या जमान्यात अकरा चांगले गडी पुरत. लीगला मोठं शहर लागत होतं. १९२२ मध्ये क्लब बंद झाला. खोऱ्यातल्या त्या तिघांपैकी आजही उभा आहे तो डम्बार्टन.