दमाचा जमाखर्च

चेन्नईत मरीनाच्या पुळणीवर, श्रमविजयाच्या त्या विख्यात शिल्पाच्या आसमंतात, पहाटे साडेपाचच्या सुमारास जो उभा राहील त्याला, सूर्याने समुद्रातून डोके काढण्यापूर्वीच घामाने निथळणारी काही तरुण मुले भुसभुशीत वाळूतून जिवाच्या कराराने धावताना दिसतील. आणि देवीप्रसाद रायचौधरींच्या हातचे ते मजूर अजस्र शिळेला जसे सर्वांगाने रेटीत आहेत, तशीच ही मुलेही जमिनीला मागे रेटीत आहेत असा भास होईल. भास तरी कसा म्हणावा? धावणे म्हणजे तेच. कठीण जमिनीवर टाचेमागची जाड कंडरा दर पावलाला ताणली जाऊन साठलेली थोडी शक्ती परत करते. वाळू मात्र घेतलेले देत नाही, आणि म्हणून तिच्यावर धावण्याचा खर्च पक्क्या जमिनीच्या सुमारे १.६ पट होतो. दमसास वाढवण्यास हा दंड उपकारक आहे. त्याने वेगही वाढतो ही समजूत मात्र मला भाबडी वाटते. कारण कसलेल्या वेगवान धावपटूचे पाऊल जमिनीला सेकंदाच्या एक दशांशाच्या आसपासच टेकते, आणि वाळूत रुतणारा पाय नेमकी तीच चपळाई विसरतो.

वेग आणि दम यांचे नाते भाऊबंदकीचे आहे. खजिना एक, वाटे निराळे. स्नायूच्या हाती रोकड म्हणून असलेले एटीपी दोन-तीन सेकंदांत उडून जाते. त्याच्या पाठीशी क्रिएटिन फॉस्फेटची तिजोरी असते, पण पुरी ताकद लावल्यास तीही दहा सेकंदांच्या आसपास, म्हणजे शंभर मीटरची शर्यत संपता संपता, रिती होत येते. त्यापुढे ग्लायकोजेन ऑक्सिजनवाचून फोडून घाईची उचल करावी लागते, आणि लांब पल्ल्याचा नियमित वसूल तेवढा श्वासाबरोबर येणाऱ्या ऑक्सिजनच्या भरवशावर चालतो. १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी आर्चिबाल्ड हिल यांनी धाव संपल्यावरच्या धापेला ‘ऑक्सिजनचे कर्ज’ म्हटले ते याच हिशेबातून. या उचलीत निपजणाऱ्या लॅक्टेटला पुढे कित्येक वर्षे थकव्याचा गुन्हेगार ठरवण्यात आले. परंतु जॉर्ज ब्रूक्स यांनी दाखवून दिले, की हृदय आणि इतर स्नायू तेच लॅक्टेट इंधन म्हणून जाळतात. नावे पडलेली रक्कम जमेचीच निघाली!

मद्रासला ही विद्या नवी नाही. हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थाने १९२० साली येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले, ते आज नंदनम भागात अड्यार नदीच्या काठी उभे आहे. परंतु जी गोष्ट पुस्तकापेक्षा मैदानावर चटकन उमगते, ती मला शहरातल्या एका साध्या मातीच्या मैदानावर दिसली. साठ मीटर वाऱ्यासारखा धावून आलेला एक पोरगा, अंगात रग असल्यामुळे, लगेच पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला; आणि गळ्यात शिट्टी अडकवलेल्या वयस्क प्रशिक्षकाने घड्याळावरची नजर न काढता म्हटले, “इरु, तंबी, इरु.” थांब, बाळा, थांब. तब्बल पाच मिनिटे त्याने त्या मुलाला येरझारा घालायला लावले. यात लाड नव्हता. रिती झालेली तिजोरी निम्मी भरण्यास अर्धे मिनिट पुरते, पण जवळजवळ पुरी भरण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. त्याआधी धावणारा वेगाचा नव्हे, दमाचा सराव करीत असतो. पल्ला तोच ठेवून विश्रांती तेवढी आखडली, की त्याच धावेचे खाते बदलते.

जर्मनीत गेर्शलर हे प्रशिक्षक आणि राइंडेल हे हृदयतज्ज्ञ यांनी तर असेच प्रतिपादन केले, की हृदय बळावते ते धावताना नव्हे, मधल्या विसाव्यात. नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढवावी, आणि ती दीड मिनिटात १२० वर उतरली तरच पुढची धाव घेण्याची मुभा द्यावी. गेर्शलरचा शिष्य रुडोल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलान येथे ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत कापले, तो विक्रम १९५५ पर्यंत अबाधित राहिला.

दोन्ही खाती सांभाळावी लागतात याची साक्ष बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे देईल. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये अडथळ्यांवरून आणि पाण्यातून आठ मिनिटांहून अधिक काळ धावून त्याला रौप्यपदक मिळाले. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी. आपल्याकडच्या पोलीस भरतीतही मुलांना १६०० मीटर आणि १०० मीटर अशा दोन्ही धावा द्याव्या लागतात, आणि पहाटे डांबरी सडकेवर नुसता लांब पल्ला घोटणारे कित्येकजण दुसरीत गडबडतात.

चेन्नईच्या हवेचा न्याय मात्र पक्षपाती आहे. उबदार स्नायू लवकर आकुंचन पावतो, म्हणून अल्प पल्ल्याच्या धावपटूस हा उष्मा मानवतो. दूरच्या पल्ल्यावाल्याची मात्र तो पुरी झडती घेतो. घाम सुकतो तेव्हाच अंग निवते, आणि समुद्राच्या दमट हवेत तो सुकत नाही, नुसता गळतो. मग अंग निववण्यासाठी रक्त त्वचेकडे धाव घेते, पायांच्या वाट्याला कमी येते आणि नाडी फुकाची चढते. दहा-पंधरा दिवस या हवेत नेमाने धावल्यास रक्तातील द्रवांश वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठही कमी होते. तोवर घड्याळाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो.

साडेसहाला ऊन डोळ्यांवर येते आणि शिट्टी खिशात जाते. मुले फाटकाबाहेरच्या हातगाडीशी गोळा होतात. तिथे मोठ्या भांड्यात कूळ असते, म्हणजे आपल्या नाचणीच्या आंबिलीची सख्खी बहीण. ताक घालून पातळ केलेली, सोबत छोटे कांदे आणि तळलेली मिरची. मघाचा तो पोरगा पेला पुढे करून आणखी एक चिमूट मीठ मागून घेतो.