पित्ताम्ल आणि आम्लपित्त : एका संज्ञेचा शारीर व भाषिक प्रवास

मराठीतील 'आम्लपित्त' आणि 'पित्ताम्ल' हे दोन सामासिक शब्द त्याच दोन घटकांपासून सिद्ध झाले आहेत. केवळ क्रम बदलला आहे. तथापि पहिला शब्द आयुर्वेदातील व्याधीचा असून व्यवहारात तो जठरातील आम्लाच्या त्रासासाठी रूढ आहे, तर दुसरा आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने घडविलेली परिभाषा होय. 'पित्त वाढले' या तक्रारीत यकृताचा पित्तरस बहुधा अभिप्रेत नसतो. आहारविषयक ज्ञान लोकभाषेत आणताना हा भेद निर्णायक ठरतो.

पित्ताला मनोवृत्तीशी जोडण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. मराठीत संतापलेल्याचे 'पित्त खवळते'. तमिळमध्ये 'पित्तम्' वेडाचाही वाचक असून शैव संतकवी सुंदरर शिवालाच 'वेडा' या अर्थाने 'पित्तन्' म्हणून साद घालतो. ग्रीक वैद्यकात काळे पित्त विषण्णतेचे कारण मानले गेले. आयुर्वेदाचे पित्त मात्र केवळ द्रव नव्हे. पाचक, रंजक, साधक, आलोचक व भ्राजक या पाच भेदांतून पचनापासून बुद्धी व दृष्टीपर्यंतची कार्ये त्याच्याकडे सोपविलेली आहेत. त्यामुळे 'पित्त' आणि पित्तरस यांना समानार्थी मानणे हे सदोष भाषांतर ठरते.

'कोलेस्टेरॉल' या संज्ञेतही पित्तवाचक ग्रीक शब्द दडलेला आहे, कारण हा पदार्थ प्रथम पित्ताशयातील खड्यांत आढळला. यकृत याच कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. जेवणानंतर ती आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थांच्या पचनास साहाय्य करतात. त्यांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या अखेरच्या भागातून शोषली जाऊन यकृताकडे परततात. मोठ्या आतड्यात पोहोचणाऱ्या उर्वरित अंशाचे तेथील जिवाणू दुय्यम पित्ताम्लांत रूपांतर करतात.

१९९९ मध्ये एफएक्सआर हा पेशींतील ग्राही पित्ताम्लांना प्रतिसाद देतो असे सिद्ध झाले आणि पित्ताम्लांकडे संदेशवाहक म्हणूनही पाहिले जाऊ लागले. टीजीआर-५ या दुसऱ्या ग्राहीमार्फत ती जीएलपी-१ या संप्रेरकाच्या स्रवणास चालना देतात आणि हे संप्रेरक इन्शुलिनच्या स्रवणास साहाय्य करते. पित्ताम्लांना आतड्यात बांधून ठेवणाऱ्या कोलेसेवेलाम या कोलेस्टेरॉलविरोधी औषधाला २००८ मध्ये अमेरिकेत दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठीही मान्यता मिळाली. डाळी, कडधान्ये, मेथी, ओट यांतील विद्राव्य तंतूही सौम्य प्रमाणात हेच कार्य करतात. बांधली गेलेली पित्ताम्ले मलावाटे बाहेर पडतात. त्यांची भरपाई करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. याउलट अतिस्निग्ध व तंतुहीन आहारात दुय्यम पित्ताम्लांचे प्रमाण वाढते.

या संदर्भात चेन्नईचे उदाहरण उद्‌बोधक आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'चेन्नई नागरी-ग्रामीण साथरोग अभ्यासा'त शहरातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण १४.३ टक्के आढळले. याच अभ्यासाच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आहारातील जवळपास निम्मी ऊर्जा परिष्कृत धान्यांतून, मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळातून, येत होती आणि अशा धान्यांच्या अधिक सेवनाचा मधुमेहाशी संबंध दिसला. या संशोधनाचा विषय पित्ताम्ले हा नव्हता. शिवाय मधुमेहात पित्ताम्लांत दिसणारा बदल कारण आहे की परिणाम, हा प्रश्न अद्याप खुला आहे. तरीही कोंड्याबरोबर ताटातील तंतू नाहीसे झाले, की त्याचा परिणाम रक्तशर्करेपुरता मर्यादित राहत नाही, एवढे या दोन ज्ञानक्षेत्रांच्या सांध्यावर स्पष्ट होते.

या सांध्यावर परिभाषेची जबाबदारी वाढते. त्याच चेन्नईत, तांबरम येथे, राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. सिद्ध वैद्यकही वात, पित्त, कफ यांच्या भाषेत बोलते. एकाच नगरात एक शब्द दोन ज्ञानव्यवस्थांत वावरतो. 'पित्त' होऊ नये म्हणून तिखट टाळणारा, परंतु पांढऱ्या भाताबाबत निश्चिंत राहणारा रुग्ण परंपरेमुळे नव्हे, तर दोन अर्थांच्या सरमिसळीमुळे फसतो. ती सरमिसळ उलगडणे हे वैद्यकाइतकेच तौलनिक अभ्यासाचेही कार्य आहे.