इंग्रजी शब्द ओळखीचा कसा करावा?



१९८९ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. मी तेव्हा एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवीत होतो. माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाच्या धाकट्या बहिणीला ताप आला, म्हणून त्याच्या वडिलांनी तालुक्याहून औषधाची बाटली आणली. बाटलीवर सगळे इंग्रजीत. वडिलांनी ती मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, "एवढं इंग्रजी शिकतोस, वाच बघू काय लिहिलंय." मुलाने अक्षरे बिनचूक वाचली : 'शेक वेल बिफोर यूज.' अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा मात्र त्याची पंचाईत झाली. 'वेल म्हणजे विहीर' हे त्याने वहीत दहा वेळा लिहून पाठ केलेले. आता औषध घेण्याआधी विहीर हलवायची म्हणजे काय करायचे? पण वडिलांपुढे 'कळत नाही' म्हणायची लाज वाटली. "दोन-दोन चमचे द्यायचं, असं लिहिलंय," असे सांगून त्याने वेळ मारून नेली.

आता अशा औषधात भुकटी पाण्यात विरघळलेली नसते, नुसती मिसळलेली असते. बाटली ठेवून दिली की ती तळाशी बसते. न हलवता चमचा भरला, तर पहिले दोन दिवस आजाऱ्याच्या पोटात बरेचसे गोड पाणीच जाते, आणि शेवटच्या चमच्यांत औषध दाटून येते. तिसऱ्या दिवशी ताप उतरेना, तेव्हा तो मुलगा बाटली घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला अर्थ समजावून दिला. पोरगी पुढे बरी झाली. पण त्या मुलाची खाली गेलेली मान मला अजून दिसते. कारण चूक त्याची नव्हती. 'वेल म्हणजे विहीर' हे फळ्यावर मीच लिहून दिले होते, आणि तेवढेच लिहून दिले होते.

तेव्हा आज सांगायचे ते थोडक्यात असे. इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिला म्हणजे तो शब्द आला असे होत नाही. त्याची व्याख्या कळली पाहिजे, आणि तो वाक्यात कसा बसतो हे दिसले पाहिजे. शब्दार्थ पाठ करणे वाईट नाही, पण ते अपुरे आहे.

अपुरे का, ते आपल्याच बोलण्यातून पाहू. आपला 'लागणे' हा शब्द घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, वेळ लागतो, नोकरी लागते, नजरसुद्धा लागते. आता 'लागणे' याला इंग्रजी शब्द कोणता, असे कुणी विचारले तर काय सांगाल? एक शब्द नाहीच. भूक लागली तर 'आय अ‍ॅम हंग्री', म्हणजे मी भुकेला आहे. वेळ लागतो तर 'इट टेक्स टाइम', म्हणजे ते काम वेळ घेते. घराला आग लागली तर 'द हाउस कॉट फायर', म्हणजे घराने आग पकडली. 'घालणे' या शब्दाचेही तेच. सदरा घालतात, झाडाला पाणी घालतात, कोंबडी अंडी घालते. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी निराळा शब्द. उलट बाजूनेही गंमत आहे. आपल्याकडे मावशी वेगळी, आत्या वेगळी, काकू वेगळी, मामी वेगळी. इंग्रजाला या चौघी मिळून एकच 'आंट'.

म्हणजे दोन भाषांतले शब्द हे दोन शेजारच्या शेतांसारखे असतात. एका शेताचा बांध दुसऱ्याच्या बांधाशी सरळ रेषेत येईलच असे नाही. बांध कुठून कुठपर्यंत आहे, ते दाखवते ती व्याख्या.

व्याख्या म्हटले की भूमितीची आठवण होऊन पोटात गोळा येतो. तसे घाबरण्याचे कारण नाही. साध्या व्याख्येत दोनच गोष्टी असतात. वस्तू कोणत्या जातीची, आणि त्या जातीतल्या इतरांपेक्षा ती वेगळी कशाने. 'अ वेल इज अ डीप होल इन द ग्राउंड फ्रॉम विच पीपल टेक वॉटर.' विहीर म्हणजे जमिनीतला खोल खड्डा, ज्यातून लोक पाणी घेतात. यात 'होल' ही जात झाली. आता वर्गात विचारा : 'डीप' काढून टाकले तर काय उरेल? कुणी म्हणेल डबके. 'वॉटर'चा भाग काढला तर? कुणी म्हणेल खाण. अशी दोन मिनिटे चर्चा झाली की तो शब्द मुलांच्या मनात पक्का बसतो. शिवाय 'डीप', 'होल', 'ग्राउंड' या शब्दांचीही उजळणी झाली, ती निराळीच.

पण व्याख्या सारे सांगत नाही. 'बॉरो' आणि 'लेंड' ही जोडी पाहा. मोठमोठी माणसे इथे घसरतात. 'बॉरो' म्हणजे उसने घेणे, 'लेंड' म्हणजे उसने देणे. व्याख्येने एवढे कळले. आता वाक्य ऐका : 'सीता बॉरोड अ कप ऑफ शुगर फ्रॉम हर नेबर.' सीतेने शेजारणीकडून कपभर साखर उसनी घेतली. तीच हकीकत शेजारणीच्या बाजूने : 'द नेबर लेंट अ कप ऑफ शुगर टु सीता.' 'बॉरो'च्या मागून 'फ्रॉम' येतो, 'लेंड'च्या मागून 'टु' येतो. कुणाकडून घेतले आणि कुणाला दिले, ते हे छोटे शब्द सांगतात. हे व्याख्येत दिसत नाही, वाक्यातच दिसते.

आता आपण बाटलीवरच्या 'वेल'कडे परत येऊ. विहीर या अर्थाचा 'वेल' असला की त्याच्या आधी बहुधा 'अ' किंवा 'द' असतो : 'द वेल इज ड्राय.' पण 'शी सिंग्ज वेल', ती छान गाते. 'शेक वेल', नीट हलवा. इथे 'वेल' क्रियापदाच्या पाठीशी उभा आहे, आणि क्रिया कशी करायची ते सांगतो. शब्द तोच, पण सोबत बदलली की अर्थ बदलला. माझ्या विद्यार्थ्याला ही दोन वाक्ये आधी ऐकायला मिळाली असती, तर त्याची मान खाली गेली नसती.

ही युक्ती काही माझी नव्हे. १७५५ साली लंडनमध्ये सॅम्युएल जॉन्सनचा मोठा इंग्रजी शब्दकोश निघाला. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते, आणि शब्द कसा वापरतात हे दाखवण्यासाठी ग्रंथांतून वेचलेले लाखाहून अधिक उतारे होते. उताऱ्यांची कल्पना थोर. पण त्याच्या काही व्याख्या फार अवघड. 'नेटवर्क' म्हणजे जाळीकाम. त्याची व्याख्या त्याने इतक्या जड शब्दांत केली आहे की त्यापेक्षा मूळ शब्द परवडला. आपल्याकडे मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. मराठी प्रतिशब्द हवा असेल तेव्हा त्याचा मोठा आधार. परंतु इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलाला सोप्या इंग्रजीतच अर्थ सांगणारे कोश निघाले ते विसाव्या शतकात, आणि ते काढले शाळामास्तरांनी. मायकेल वेस्ट हा त्या काळच्या बंगालात, ढाक्याला, शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजात होता. त्याने एंडिकॉट या सहकाऱ्याबरोबर १९३५ साली एक कोश केला. त्यात सुमारे २४,००० नोंदींचा अर्थ फक्त १,४९० साध्या शब्दांत सांगितला आहे. हॉर्नबी नावाचा दुसरा शिक्षक जपानात शिकवीत होता. शब्द वाक्यात कसा बसतो यावर भर देणारा त्याचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला, आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो पुन्हा काढला. त्याच्या वाढवलेल्या आवृत्त्या आजही विद्यार्थ्यांच्या हातात आहेत. या दोघांपुढे बसलेली मुले आपल्या मुलांसारखीच होती. त्यांच्या घरी कुणी इंग्रजी बोलत नव्हते.

शिक्षकबंधूंनो, यातून आपल्यासाठी दोन नियम निघतात. पहिला नियम व्याख्येचा. व्याख्येतले शब्द मूळ शब्दापेक्षा सोपे हवेत. मुलाला येणाऱ्या शब्दांतच नवा शब्द सांगावा.

दुसरा नियम उदाहरणाच्या वाक्याचा, आणि तो जास्त महत्त्वाचा. पुष्कळदा आपण फळ्यावर वाक्य लिहितो : 'धिस इज अ वेल.' हे वाक्य बरोबर आहे, पण वांझ आहे. 'वेल' पुसून तिथे 'टेबल' लिहा, 'डॉग' लिहा, वाक्याचे काही बिघडत नाही. आता हे वाक्य पाहा : 'द वेल इज ड्राय, सो वी ब्रिंग वॉटर फ्रॉम द रिव्हर.' विहीर आटली आहे, म्हणून आम्ही नदीवरून पाणी आणतो. इथे 'वेल' हा शब्द हाताने झाकला, तरी जवळपास काय असावे ते मुलगा ओळखतो. चांगल्या वाक्याची ही कसोटी : शब्द झाका, आणि तो ओळखता येतो का ते पाहा.

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या मुलाला मुळात इंग्रजी शब्द येतात किती? मी म्हणतो, मोजून तरी पाहा. एसटी, तिकीट, स्टँड, पंप, मोटार, पाइप, बँक, डॉक्टर, टेबल, ग्लास. शाळेत पाऊल टाकण्याआधीच कितीतरी शब्द त्याच्या तोंडी असतात. मात्र मराठीत येताना त्यांतल्या काहींचे बांध सरकले आहेत, तेवढे नीट करून द्यावे. आपण हॉटेलात चहा-भजी खातो. इंग्रजीत 'हॉटेल' म्हणजे पैसे देऊन रात्रीचा मुक्काम करण्याची जागा. आपली लाइट जाते, पण इंग्रजीत 'लाइट' म्हणजे प्रकाश किंवा दिवा. तारेतून येणारी वीज निराळ्या शब्दांनी सांगतात. आपल्याकडे टेन्शन माणसालाच येते; इंग्रजीत ते ताणलेल्या तारेलाही असते. आणि एसटीतला कंडक्टर घ्या. 'कंडक्ट' म्हणजे नेणे. तांब्याची तार वीज नेते, म्हणून विज्ञानात तांबे हेही 'कंडक्टर', म्हणजेच आपल्या पुस्तकातला सुवाहक. ओळखीच्या शब्दाचे बोट धरून मूल असे अनोळखी शब्दापर्यंत चालत जाते.

आता प्रत्यक्ष काय करावे? जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापा. चिठ्ठीच्या एका बाजूला इंग्रजी अक्षरांत शब्द. दुसऱ्या बाजूला तीन ओळी : सोपी व्याख्या, पुस्तकात सापडलेले एक वाक्य, आणि मुलाने स्वतःच्या घराबद्दल किंवा गावाबद्दल केलेले एक खरे वाक्य. मराठी प्रतिशब्द सर्वांत शेवटी, कोपऱ्यात. मराठीला मज्जाव नाही. कडुनिंबाची इंग्रजी व्याख्या करत बसण्यापेक्षा झाड दाखवून मोकळे व्हावे. पण क्रियापदांना आणि गुणांच्या शब्दांना वाक्याशिवाय सोडू नये. रोज दोन-तीन चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने त्याच चिठ्ठ्या पुन्हा फिरवा. चिठ्ठ्यांना हसू नका. १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी छापला गेलेला ऑक्सफर्डचा महाकोश अशाच चिठ्ठ्यांवर उभा राहिला. ठिकठिकाणच्या साध्या वाचकांनी वाचता वाचता वाक्ये टिपून संपादकांकडे पाठवली होती.

आईवडिलांनाही एक सांगणे आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी मुलाचा अभ्यास घेता येतो. "याला मराठीत काय म्हणतात?" एवढ्यावर थांबू नका. "हा शब्द कुठं वापरतात? एक वाक्य सांग, आणि त्याचा अर्थ सांग," असे विचारा. आता फोनवर शब्द टाकला की प्रतिशब्द चटकन मिळतो. पण नुसता प्रतिशब्द घेतला तर फसगत तीच, फक्त लवकर होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, "मला कळत नाही" असे मुलाने म्हटले तर त्याला रागावू नका. न कळलेला शब्द विचारणारे मूल खोटा अर्थ सांगणाऱ्या मुलापेक्षा पुढे असते.

जाता जाता एक अभ्यास देतो. औषधांच्या आणि फवारणीच्या बाटल्यांवर बहुधा एक वाक्य असते : 'कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन.' शब्दार्थात 'रीच' म्हणजे पोहोचणे. मग इथे काय? त्यासाठी हे वाक्य घ्या : 'द मँगो वॉज हाय अप, आउट ऑफ माय रीच.' आंबा उंचावर होता, माझ्या हाताच्या टप्प्याबाहेर. 'रीच' म्हणजे आपला हात पोचतो तेवढे अंतर. आता बाटलीवरचे वाक्य मुलांना स्वतःच उलगडू द्या, आणि उलगडले की घरातली तसली बाटली खरोखरच वरच्या फळीवर ठेवायला सांगा. शब्द कळल्याची खूण तीच.