समुद्राचे घड्याळ

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातील घरे कारखान्याच्या घड्याळावर चालतात. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. घरात कोण कधी जेवणार आणि कोण कधी झोपणार, हे त्यावर ठरते. दोन दिवसांची सुट्टी जोडून मिळाली, की हीच घरे खोपोली, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठतात. आमच्यापैकी तीन कुटुंबेही अशीच गेली होती. शनिवारी सकाळी अकराला किनाऱ्यावर पोहोचलो. समोर कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा आधार ठरलेला. ओहोटीला तेथे चालत जाता येते, हे ऐकले होते. पण मध्ये तर पाणीच पाणी! एक टांगेवाले काका म्हणाले, “साडेआठला वाट मोकळी होती. आता उद्या या, पण पाऊण तास उशिरा.”

“समुद्राला रोज पाऊण तास उशीर का होतो?” बरोबरच्या एका मुलीने विचारले. कारखान्याची पाळी आठवड्याने बदलते. समुद्राची रोज बदलते, आणि तीही ठरलेल्या हिशेबाने. हा हिशेब वर्गात मांडण्याजोगा आहे.

भरती-ओहोटी होते ती मुख्यतः चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूवर हे आकर्षण थोडे जास्त, तर विरुद्ध बाजूवर थोडे कमी असते. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. म्हणून दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी.

पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत चंद्र मात्र जागेवर थांबत नाही. तो आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो. किती पुढे, ते आपले पंचांग सांगते. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले, की एक तिथी पूर्ण होते. पृथ्वीला ३६० अंश फिरायला २४ तास, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे लागतात. मग १२ अंशांना? १२ × ४ = ४८ मिनिटे. काकांचा ‘पाऊण तास’ तो हाच. १५ तिथींत १५ × ४८ = ७२० मिनिटे, म्हणजे बरोबर १२ तास होतात. पंधरवड्याने समुद्र पुन्हा पहिल्या वेळेवर येतो!

यातूनच कोकणातला जुना ठोकताळा निघतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट करा. तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यात सुमारे सहा तास मिळवा. तेव्हा पूर्ण ओहोटी. पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटे धरली तर उत्तर अधिक नेटके येते. आम्ही गेलो त्या शनिवारी तृतीया होती. ३ × ४८ = १४४ मिनिटे. म्हणजे भरती पहाटे २ वाजून २४ मिनिटांनी आणि ओहोटी साडेआठच्या सुमारास. रविवारी चतुर्थीला ओहोटी साडेनऊच्या आतबाहेर.

हा ठोकताळा मुंबई-कोकण किनाऱ्यापुरता आहे. तेथे अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास येते. किनाऱ्याचा आकार आणि पाण्याची खोली यांमुळे इतर बंदरांची वेळ वेगळी असते. शिवाय तिथी दिवसभरात कधीही बदलू शकते. त्यामुळे उत्तरात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. नेमक्या वेळेसाठी भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके असतात. मच्छीमारांना तर ती वेळ विचारावी लागतच नाही. आपण त्यांना विचारावी.

वेळेइतकेच महत्त्व पाण्याच्या वेगाला आहे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन उधाणाची भरती येते, आणि तिचा जोर पुढे एक-दोन दिवस वाढताच असतो. अशा दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत ४ मीटर फरक पडला असे धरू. हे पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढते. म्हणजे तिसऱ्या तासात पाणी १ मीटर वर येते. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला १ मीटर असेल, तर तेवढ्या वेळात पाण्याची कड ५० मीटर आत सरकते. पहिल्या तासात ‘पाणी कुठे चढतंय?’ असे वाटून किल्ल्यात रेंगाळणारी माणसे अडकतात ती यामुळेच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या खडकाळ वाटेलाही हाच नियम लागू आहे.

मग अष्टमीला समुद्र सुरक्षित का? त्या सुमारास सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी काटकोन करतात, आणि भांगाची भरती येते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याची वाटही नीट मोकळी होत नाही. पण भांग म्हणजे अभय नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्यातील एका महाविद्यालयाच्या सहलीचे १४ विद्यार्थी बुडाले. तो दिवस पौष वद्य अष्टमीच्या सुमाराचा होता. चंद्राचा हिशेब पाण्याची पातळी सांगतो. लाटा, प्रवाह आणि तळातले खड्डे सांगत नाही. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते! पोहणारा अशा ओढीत सापडला तर त्याने तिच्याविरुद्ध झगडू नये, किनाऱ्याला समांतर जाऊन बाहेर पडावे. पोहता न येणाऱ्याने गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात जाऊच नये. पावसाळ्यात तर कोणीच नाही.

सहलीची तारीख ठरवताना शाळेत आधी सुट्ट्यांची यादी पाहिली जाते. तिच्याशेजारी पंचांगही ठेवावे. पाचवी ते दहावीच्या मुलांकडून प्रतिपदेपासून पौर्णिमेपर्यंतचे भरती-ओहोटीचे कोष्टक करून घ्यावे. सहलीच्या दिवशी किनाऱ्यावर ओळीने काठ्या रोवून दर पंधरा मिनिटांनी पाण्याची कड कोठे आली ते मोजावे, आणि बारा भागांचा ठोकताळा कितपत खरा ठरतो ते पाहावे. हिशेब करणारी मुले स्वतःच म्हणतील, “सर, निघायची वेळ झाली.”

रविवारी आम्ही आठलाच वाळूत उतरलो. तोवर पाणी बरेच मागे गेले होते. काकांना विचारून निघालो, किल्ला पाहिला आणि दहाच्या आत किनाऱ्याला लागलो. शहाळी पिताना मागे वळून पाहिले, तर वाटेतल्या आमच्या पावलांवर पाणी चढू लागले होते. सोमवारची पहिली पाळी सकाळी नेहमीच्याच वेळेला होती. समुद्राची मात्र आणखी ४८ मिनिटे पुढे.